मजुरीच्या रुपयाचा फेरा



सरावली-डहाणूच्या बाजूला ज्यांचे दुकान आहे किंवा ज्यांच्या घरात नोकरदार आहे, अशा मंडळींच्या तोंडून एक तक्रार मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. 'तुम्ही मजुरी वाढवून मागता, सरकार खेड्यापाड्यांत कामे काढते. पण हा पैसा शेवटी येतो कोठून? आमच्याच खिशातून ना?' प्रश्न रास्त आहे आणि घोषणा देऊन त्याचे उत्तर होत नाही. उत्तर द्यायचे तर अर्थशास्त्रात ज्याला 'गुणक' म्हणतात त्या कल्पनेकडे जावे लागते. मी सातवीनंतर शाळा सोडली. अर्थशास्त्र शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा पंडिताच्या थाटाने नव्हे, तर हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या पद्धतीने ही कल्पना आज आपल्यापुढे ठेवतो, आणि आपल्याच मुलखाच्या इतिहासावर ती घासून पाहतो.

कल्पना सोपी आहे. गावात बांध घालण्याचे काम निघाले आणि एका बाईला शंभर रुपये मजुरी मिळाली असे समजा. त्यातले ऐंशी तिने गावातच खर्च केले, वीस बाजूला ठेवले किंवा गावाबाहेर गेले. ते ऐंशी रुपये आता कुणाची तरी मिळकत झाली : शिंप्याची, भाजीवालीची, कोंबडी विकणाऱ्या शेजारणीची. त्यांनीही आपापल्या मिळकतीचा चार-पंचमांश गावातच खर्च केला तर चौसष्ट रुपये तिसऱ्या हाती जातात. मग एक्कावन्न, मग एक्केचाळीस, असे करीत करीत तो ओघ आटतो. सगळ्या हातांची बेरीज केली तर मूळच्या शंभराची पाचशे रुपयांची मिळकत झालेली दिसते. नोटा शंभराच्याच, फिरल्या मात्र अनेक हात. मिळकतीचा जो पाचवा हिस्सा प्रत्येक फेऱ्यात गळतो, तो उलटा केला की पाच हा गुणक निघतो. गळती निम्मी असेल तर गुणक दोनावर येतो. आणि पाचांतले चार हिस्से गळत असतील तर शंभराचे सव्वाशेच होतात.

म्हणजे या गणितात किती रुपये ओतले एवढेच पाहून भागत नाही. ते प्रथम कोणाच्या हाती पडले आणि त्या हातातून पुढे कोठे गेले, हे पाहावे लागते. ज्याच्या घरात चूल पेटण्याची पंचाईत, तो मिळालेला रुपया संध्याकाळपर्यंत खर्च करतो. ज्याच्या तिजोरीत आधीच भर आहे, त्याच्या हाती तोच रुपया दिला तर तो तिजोरीत जाऊन बसतो, नाहीतर मुंबईच्या वाटेला लागतो.

हे चक्र उलटेही फिरते, आणि ते मला पुस्तकाआधी एका किराणा दुकानदाराने शिकवले. आमच्या भागातल्या एका कारखान्यात पगार थकला म्हणून कामगार बाहेर पडले होते. दुकानदार पहिल्या आठवड्यात आम्हांला शिव्या घालीत होता. महिना उलटल्यावर एक दिवस त्याने मला दुकानात बोलावले, वही उघडली आणि म्हणाला, 'भाऊ, हे बघा. तुमचा पगार अडला, माझी उधारी वाढली. उधारी वाढली म्हणून मी पोऱ्याला घरी बसवला. पोऱ्याच्या आईने दूधवाल्याचा रतीब बंद केला. आता दूधवाला माझ्याकडे पेंडीची उधारी मागतो आहे.' एवढे बोलून त्याने वही मिटली. अर्थशास्त्राचा संपूर्ण धडा त्या चार वाक्यांत होता, आणि त्याने केंब्रिजचे नावही ऐकलेले नव्हते.

केंब्रिजचा संबंध असा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात बेकारी ठाण मांडून बसली. सरकारने रस्ते बांधावेत, घरे उभारावीत, लोकांना काम द्यावे, अशी मागणी होऊ लागली. तिकडच्या अर्थखात्याचे म्हणणे ठरलेले होते : सरकार जो पैसा इकडे खर्च करील तो दुसरीकडून काढून घेतलेला असेल, तेव्हा बेरीज तीच. आपल्या बाजारपेठेतली तक्रारही नेमकी हीच आहे, हे लक्षात घ्या. १९२९ च्या निवडणुकीच्या वेळी जॉन मेनार्ड केन्स यांनी एका सहकाऱ्याबरोबर पत्रक लिहून या म्हणण्याला विरोध केला, परंतु एका कामाने किती कामे निर्माण होतात याचा पक्का हिशेब त्यांच्यापाशी नव्हता. तो हिशेब रिचर्ड कान या त्यांच्या शिष्याने मांडला, १९३१ च्या जूनमध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. कान यांनी गळतीची एकेक वाट मोजली : लोक शिल्लक टाकतात ती, परदेशी माल घेतात ती, बेकारभत्ता वाचल्यामुळे सरकारच्या खर्चात जी बचत होते ती. या शेवटच्या हिशेबाने अर्थखात्याचे अर्धे तोंड बंद झाले. पुढे १९३६ साली केन्स यांनी आपल्या मुख्य ग्रंथात ही कल्पना मध्यभागी आणून बसवली. त्याच ग्रंथात त्यांनी थट्टेने म्हटले आहे की, सरकारने बाटल्यांत नोटा भरून जुन्या खाणींत पुरल्या आणि लोकांना त्या उकरायला लावले, तरी काहीच न करण्यापेक्षा ते बरे. घरे बांधली तर अर्थातच अधिक बरे. ही थट्टा लक्षात ठेवा, पुढे आपल्याला खडीचे ढीग भेटणार आहेत.

नाव नवे असले तरी गळतीची जाणीव आपल्याकडे जुनी आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून पुढे जन्मभर जे सांगितले ते हेच की, हिंदुस्थानातून गोळा झालेला कर इंग्लंडात जाऊन खर्च होतो. गोऱ्या अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन लंडनच्या दुकानात जाते, ठाण्याच्या बाजारात येत नाही. कर घेतला हे एक दुःख. घेतलेला कर पुन्हा या भूमीवर फिरला नाही, हे दुसरे. दादाभाईंचा सारा भर या दुसऱ्यावर होता.

ज्या काळात पुण्याला न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच काळात, म्हणजे १८७६ ते १८७८ या सालांत, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. बाजारात धान्य अगदीच नव्हते असे नाही. त्या वर्षांतही हिंदुस्थानातून धान्य परदेशी रवाना होत होते. लोकांजवळ ते घेण्यासाठी पैसा नव्हता. सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीसाठी दुष्काळी कामावरची मजुरी जवळजवळ पौंडभर धान्याच्या किमतीवर आणून ठेवली. १८७७ च्या आरंभी हा दर मुंबई इलाख्यात लागू होताच हजारो भुकेले मजूर काम टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. माझ्यासारख्याला या घटनेचे अप्रूप वाटते. गिरण्यांत युनियन उभी राहण्याच्या कितीतरी आधी, ज्यांच्या अंगात उभे राहण्याची ताकद नव्हती त्यांनी महाराष्ट्रात मजुरीसाठी संप केला होता.

आता आपल्या दारात येऊ.

डहाणू आणि उंबरगाव हे जुने ठाणे जिल्ह्याचे उत्तरेकडचे तालुके. आजचा तलासरी तालुका त्या वेळी उंबरगावात मोडत असे, आणि पालघर जिल्हा तर २०१४ सालचा. वारली माणूस या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राबला. सातबाऱ्यावर मात्र नाव जमीनमालकाचे. १९३९ साली प्रसिद्ध झालेला सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा अहवाल सरकारीच होता, तरी त्यात या मुलखातली वेठ, खावटी आणि लग्नगडी यांचे वर्णन वाचून अंगावर काटा येतो. वेठ म्हणजे मालकाने बोलावताच फुकट काम. खावटी म्हणजे पावसाळ्यात घरातला दाणा संपला की मालकाकडून उचललेले धान्य, सुगीला दीडपट नाहीतर दुप्पट परत करायचे. आणि लग्नगडी म्हणजे लग्नासाठी थोडे पैसे घेतले म्हणून नवराबायकोने मालकाच्या घरी आयुष्यभर गहाण पडायचे.

ही अन्यायाची कहाणी आपण अनेक व्यासपीठांवरून ऐकली आहे. आज मी तिच्याकडे हिशेबाच्या नजरेने पाहा असे म्हणतो. या मुलखातले गवत आणि लाकूड मुंबईला जात असे. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी डहाणू-उंबरगावच्या गवतावर जगत. गवताचे पैसे मुंबईत मोजले जात. पण गवत कापणाऱ्याला जे मिळे ते बहुतांशी खावटीत वळते होई, म्हणजे वहीतली एक रेघ खोडून दुसरी ओढली जाई. मजूरही तोच, ऋणकोही तोच. मालकही तोच, सावकारही तोच, आणि धान्याचा व्यापारीही तोच. गुणकाच्या भाषेत सांगायचे तर पैशाच्या फेऱ्यातला पहिला हातच इथे नव्हता. फेरा सुरू होण्यापूर्वीच मोडलेला. एका म्हाताऱ्या वारली बाबांनी मला तरुणपणी सांगितले होते की, त्यांच्या लहानपणी घरात चांदीचा रुपया आला तर पोरे तो बघायला जमत. माल जात होता गाड्या भरभरून. नाण्याची एवढी नवलाई.

अशा गावात बाजार वाढेल कसा? शिंप्याकडे शिवायला कापड येणार नाही, कुंभाराचे मडके उधारीवर जाणार, आणि डहाणूची कोळीण सुक्या बोंबलांची पाटी घेऊन पाड्यावर गेली तर भातावर अदलाबदल करून परत येणार. जंगलपट्टीचे दारिद्र्य किनाऱ्यावरच्या धंद्यालाही आखडून धरीत होते. डहाणूच्या पेठेतल्या जुन्या व्यापाऱ्यांना ते दारिद्र्य आपल्या गल्ल्याशी जोडलेले आहे असे कधी वाटले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने वारली हा गिऱ्हाईक नव्हताच. तो गाडीला जुंपलेल्या बैलांच्या मागे चालणारा माणूस होता.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला प्रांतिक किसान सभेची परिषद भरली. तेथून शामराव आणि गोदावरी परुळेकर या मुलखात आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद झाली आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार तेथे झाला. पुढची मागणी रोकडी होती, अक्षरशः रोकडी. पाचशे पौंड गवत कापले की अडीच रुपये. या एका आकड्याभोवती त्या वर्षीच्या गवताच्या हंगामात संप उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती ठार झाले. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालवण्यात आले. तरी लढा मोडला नाही. पुढच्या वर्षी तो जंगलकामापर्यंत पसरला, आणि मजुरीचे दर वाढले. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात १९७० साली लिहून ठेवली आहे.

अडीच रुपये ही मजुरीतली वाढ होती, हे तर खरेच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, मजुरी आता मोजून मागायची, रोख मागायची, आणि ती मालकाच्या वहीत न जाता मजुराच्या मुठीत यायची, असे ठरले. मूठ उघडली की तो पैसा कोठे जाईल हे मजूर ठरवणार. वेठ बंद होणे म्हणजे माणसाची सुटका. खावटीची साखळी तुटणे म्हणजे रुपयाची सुटका. गावचा बाजार या दुसऱ्या सुटकेवर उभा राहतो. आमच्या चळवळीच्या भाषणांत पहिल्या सुटकेचा उच्चार पुष्कळ होतो, दुसरीचा क्वचित होतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो लेचापेचा नाही. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे केन्स यांच्या केंब्रिजमध्ये शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १९५२ साली असा प्रश्न घातला की, इंग्लंडचे गणित हिंदुस्थानला लागू पडते काय? इंग्लंडात कारखाने बंद होते, यंत्रे धूळ खात होती, कामगार दारात उभे होते. मागणी वाढताच चाके फिरली आणि माल निघाला. आपल्याकडे मजुराच्या हाती पैसा आला तर तो प्रथम धान्य मागणार, आणि धान्य काही बटन दाबून वाढत नाही. त्याला पाऊस लागतो, बी लागते, विहीर लागते. तेवढ्यात मागणी वाढली तर भाव चढतील. रुपयांची बेरीज फुगेल, पण ताटातली भाकर तेवढीच राहील. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

या आक्षेपाला पुस्तकी उत्तर देता येईल. मला अनुभवाचे उत्तर अधिक पटते, आणि तो अनुभव महाराष्ट्राने १९७२-७३ साली घेतला.

त्या दुष्काळाची आठवण काढली की आजही घरोघरीची वडील माणसे तांबडी मिलो आणि सुकडी यांची नावे घेतात. लागोपाठ पाऊस हुकला होता, राज्यातले धान्योत्पादन अतोनात घसरले होते. वसंतराव नाईकांच्या सरकारने जागोजाग कामे काढली : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. रावांचा आक्षेप सरळ लागू करायचा, तर धान्य नसताना एवढी मजुरी वाटल्यावर भाव गगनाला भिडून माणसे मरायला हवी होती. भाव चढले, हाल झाले, पण १८७७ सारखा संहार झाला नाही.

ज्याँ द्रेझ या अभ्यासकाने या दुष्काळाचा बारकाईने तपास केला आहे. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर त्या वेळी निर्बंध होते, तरीही खाजगी व्यापारातून दुष्काळी भागात धान्य येत राहिले. का आले? कारण तेथे विकत घेणारे हात होते. मजुरीने मागणी निर्माण केली आणि मागणीने धान्य ओढून आणले. सरकारी दुकानांतले धान्य होतेच, परंतु तेवढ्यावर भागले नसते. १८७७ साली धान्य भुकेल्या गावाला वळसा घालून बंदराकडे गेले. १९७३ साली ते बंदी ओलांडून भुकेल्या गावाकडे आले. या दोन चित्रांत फरक मजुरीचा आहे.

तरी रावांचे म्हणणे खोटे ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. एका राज्याने दुसऱ्या राज्यातून धान्य ओढले. सगळ्या देशात एकदम धान्य नसते तर कोणी कोणाचे ओढले असते? म्हणूनच मजुरी कोणत्या कामावर दिली जाते याला महत्त्व येते. पाझर तलावाने आसपासच्या विहिरींचे पाणी वाढले तर पुढच्या वर्षी ज्वारी वाढते, आणि आज वाटलेल्या मजुरीला उद्या माल मिळतो. खडीचे तसे नाही. दुष्काळ हटल्यावर कित्येक ठिकाणी बायांनी फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला गवत उगवून तसेच पडून राहिले. केन्स यांच्या बाटल्यांतल्या नोटाच त्या! त्यांच्या थट्टेप्रमाणे काहीच न करण्यापेक्षा बरे, एवढेच त्या कामाविषयी म्हणता येते. पण त्या उन्हात हातोडी चालवणाऱ्या बाईच्या हाताला आलेले घट्टे थट्टेचे नव्हते.

रोजगार हमीची कल्पना मात्र दुष्काळाच्याही आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग केला. दुष्काळानंतर योजना राज्यभर गेली, १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात लिहिणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी जो कायदा केला त्याचे मूळ येथे आहे.

आता आरंभीच्या तक्रारीकडे येतो : पैसा आमच्या खिशातून जातो. होय, काही अंशी जातोच. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला तो या योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रकात त्याची वजावट दिसू लागली, आणि सरकारने त्यात आपली तेवढीच भर घालायची असे ठरले. कारकुनाला वाटले, माझे पैसे घेऊन खेड्यात खडी फोडतात. मी स्वतः कामगारांच्या सभांत या करावर नाराजी ऐकली आहे. ती नाराजी गैर म्हणून झटकून टाकणारा मी नाही. पण हिशेब करून पाहू. कारकुनाच्या हातचे शंभर रुपये करात गेले नसते तर त्याने त्यातले काही खर्चले असते, काही पोस्टात टाकले असते. मजुराच्या हाती गेल्यावर त्या शंभरातले जवळजवळ सगळेच खर्च झाले, तेही महिन्याभरात. म्हणजे नुसत्या हातबदलाने, एक नवी नोट न छापता, बाजारातली मागणी वाढली. अर्थखात्याची 'बेरीज तीच' ही समजूत येथे फसते, कारण सगळे हात सारखे नसतात.

ती मागणी कोठे गेली हेही सांगतो, कारण येथे गुणकाविषयी फुशारकी मारणाऱ्यांना थोडा आवर घातला पाहिजे. पाड्यावरच्या बाईने दुकानात ऐंशी रुपये दिले म्हणजे ऐंशी रुपये गावात राहिले असे नव्हे. तेल, साखर, चहा, साबण, कापड हा माल बाहेरचा. दुकानदाराच्या हाती त्यातले थोडे उरतात. बाकीचे घाऊक व्यापाऱ्यामार्फत वापीला, मुंबईला, आणखी कोठे कोठे जातात. तेव्हा पाचशेचा आकडा मी फळ्यावर लिहिला, तो गावच्या हिशेबात कधी उतरणार नाही. गावाच्या फेऱ्यात टिकतो तो पैसा भाजीचा, कोंबडीचा, ताडीचा, टोपल्यांचा, शिंप्याच्या शिलाईचा, कौले चाळणाऱ्या गवंड्याचा, आणि सुक्या मासळीचा. सुक्या मासळीचे मी मुद्दाम नाव घेतो. पाड्यावरची मजुरी कोळिणीच्या पाटीतून किनाऱ्यावर उतरते आणि तेथे जाळे विणणाऱ्याच्या, होडी दुरुस्त करणाऱ्या सुताराच्या हाती जाते. डोंगर आणि समुद्र यांना जोडणारा पैशाचा एवढा सरळ रस्ता आपल्या तालुक्यात दुसरा नसेल. बाहेर गेलेला पैसाही देशातच कोणाच्या तरी मिळकतीत जमा होतो. देशाच्या हिशेबात ती गळती नव्हे, गावाच्या हिशेबात आहे. दोन्ही हिशेब वेगळे ठेवले तर निम्मे वाद मिटतात.

आणि जुनी गळती बुजली असे मानू नका. पावसाळ्यात काम नसते, दिवाळीला खर्च असतो, म्हणून आमच्या पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर वसई-भिवंडीकडे भट्टीवर जातात. तेथे आठवड्याला खर्ची मिळते, पोटापुरती. हिशेब हंगाम संपल्यावर. उचल वजा जाता हाती काय उरते ते मी अनेकदा त्या कुटुंबांबरोबर कागदावर मांडून पाहिले आहे. पुष्कळदा मांडण्यासारखे काही नसते. मजुरी आधीच खर्च झालेली, तीही घेणाऱ्याने ठरवलेल्या दराने. नाव बदलले, वही बदलली, ही खावटीच आहे.

रोजगार हमीच्या कामावरची मजुरी पंधरवड्याच्या आत हाती पडली पाहिजे असे कायद्याने लिहिले, ते उगीच नव्हे. ती दोन-दोन महिने लांबली की बाई उधारीवर माल घेते, दुकानदार उधारीचा भाव लावतो, आणि पैसे येतात तेव्हा ते फिरण्यापूर्वीच जुन्या वहीत जमा होतात. कित्येक घरांत तेवढ्या अवधीत भट्टीची उचल घेऊन झालेली असते. म्हणून मजुरी वाढवण्याच्या मोर्चाइतकेच मजुरी वेळेवर देण्याच्या मोर्चाला मी महत्त्व देतो, आणि त्या मोर्चात आपल्यासारख्या दुकानदार-नोकरदार मंडळींनी यावे असे म्हणतो. उपकार म्हणून नव्हे, आपल्याच गल्ल्यासाठी.

एका अगदी अलीकडच्या गोष्टीपाशी थांबतो. सावकाराची खावटी संपवावी म्हणून १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत सरकारी खावटी कर्ज देण्यात येऊ लागले. २०२० साली, टाळेबंदीत कामे बंद पडली असताना, राज्य सरकारने कर्जाऐवजी कुटुंबामागे चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर केले. दोन हजार बँकेच्या खात्यात रोख आणि दोन हजारांच्या वस्तू : कडधान्ये, डाळ, साखर, तेल, मीठ, चहा. कुटुंबाच्या दृष्टीने दोन्ही हिस्से सारख्याच किमतीचे. पण आपण इतका वेळ हिशेब केला आहे, तेव्हा हे दोन हिस्से कोणत्या वाटेने गेले तेही पाहू. रोखीचे दोन हजार आपल्या गावच्या दुकानात आले. कोणाची जुनी उधारी फिटली, कोणी पत्रे टाकले, कोणी आगोटीची सुकी मासळी भरून ठेवली. वस्तूंचे दोन हजार वरच्या वर, राज्यपातळीवरच्या खरेदीत चुकते झाले, आणि पिशव्या ट्रकमधून उतरल्या. डाळ चुलीवर शिजली, घराला आधार झाला, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ज्या गावात तेच तेल, तेच मीठ, तोच चहा विकणारा दुकानदार टाळेबंदीत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता, त्याच गावातून तो ट्रक त्याच्या दुकानावरून पुढे गेला.